यंत्राची परीक्षा : बुद्धिबळातील एका बिकट प्रसंगाचा इतिहास

आजच्या विषयाचे नाव ऐकून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. बुद्धिबळ हा खेळण्याचा विषय, फार तर पाहण्याचा. त्यावर तासभर बोलावयाचे ते काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्यातून आम्हाला बोलावयाचे आहे ते माणसांच्या खेळाविषयी नव्हे, तर यंत्रांच्या. आणि तेही सबंध डावांविषयी नव्हे, तर डाव मध्यावर आला असता उभ्या राहणाऱ्या बिकट प्रसंगांविषयी. परंतु या लहानशा विषयात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. समोरच्याला कळते की नाही, हे आपण कशावरून ठरवितो? आणि ते ठरविताना आपण चुकलो, तर त्याची किंमत कोण देतो? या प्रश्नाचे एक उत्तर १९९७ साली न्यूयॉर्क शहरात एका बुद्धिबळाच्या पटावर मिळाले. तेथवर जाण्यापूर्वी थोडा मागचा इतिहास पाहू.

पारावर किंवा वाड्याच्या ओसरीवर पट मांडलेला असावा, खेळणारे दोघे असावेत आणि सांगणारे दहा, हा देखावा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. या दहांतला एखादा जाणता गृहस्थ नवख्या मुलाची पारख कशी करतो? तो त्याच्याबरोबर सबंध डाव खेळत बसत नाही. निम्मा खेळून झालेला एखादा अडचणीचा डाव तो पटावर मांडतो आणि म्हणतो, "हं, सांग बरे, आता पांढऱ्याने काय करावे?" मुलगा जी खेळी सांगतो तीवरून, आणि ती सांगण्यापूर्वी तो पटाकडे कसा पाहतो यावरून, गृहस्थ आपले मत बनवितो.

ही रीत फार जुनी आहे. 'मनसुबा' हा शब्द आपण बेत या अर्थाने रोज वापरतो. अरबी भाषेत याच शब्दाचा एक अर्थ बुद्धिबळातील मुद्दाम मांडलेली, सोडविण्यासाठी दिलेली स्थिती असा आहे. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांनी मूळ संस्कृतावरून इंग्रजीत आणलेले बुद्धिबळावरचे एक पुस्तक १८१४ साली मुंबईस छापले गेले. तेही मुख्यतः अशाच आणीबाणीच्या स्थितींचे पुस्तक होते, आणि शिकणाऱ्याची सुधारणा व स्मरणाचा व्यायाम हा त्याचा हेतू नावपृष्ठावरच सांगितलेला होता. स्थिती मांडावी आणि पारख करावी, ही गोष्ट आपल्याकडे किंवा इतरत्र कोणाला नवी नव्हती. नवी गोष्ट झाली ती ही की, परीक्षेला बसणारा माणूस नसून यंत्र असू लागला.

यंत्राने बुद्धिबळ खेळल्याची पहिली गाजलेली हकीकत ही खरे पाहता फसवणुकीची आहे. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात वोल्फगांग फोन केम्पेलेन याने एक तुर्की पोशाखातला पुतळा आणला. पुतळ्यापुढे पेटी होती, पेटीवर पट होता. केम्पेलेन पेटीची दारे उघडून आतली चक्रे दाखवी, दारे लावी, आणि मग पुतळा आपल्या हाताने मोहरी हलवून भल्याभल्यांना हरवी. १८०९ साली खुद्द नेपोलियन त्याच्याशी खेळला. पेटीत एक कसलेला खेळाडू लपून बसत असे. १८५४ साली फिलाडेल्फियात आग लागून हा 'तुर्क' जळून गेला, पण जाताना तो लोकांच्या मनात एक संशय कायमचा ठेवून गेला. यंत्र फारच चांगले खेळू लागले, तर आत माणूस तर नाही ना, हे आधी पाहावे! हा संशय ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

खरोखर स्वतःच्या बळावर खेळणारे पहिले यंत्र स्पेनच्या लिओनार्दो तोरेस इ केवेदो याने १९१२ साली बांधले. राजा आणि हत्ती घेऊन एकट्या राजावर मात करणे एवढेच त्याला येत असे. ते चुकत नसे, कारण तेवढ्यापुरता नियमच त्याच्या अंगात बसविलेला होता. अशा यंत्राला बिकट प्रसंग विचारण्यात अर्थ नव्हता. त्याला पाठ होते ते एकच उत्तर.

विद्युत् गणकयंत्रे, म्हणजे आजचे संगणक, अस्तित्वात आल्यावर मात्र प्रश्नाचे स्वरूप पालटले. १९५० साली ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने यंत्राला विचार करता येतो काय, यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. पडद्याआड माणूस आहे की यंत्र आहे हे प्रश्न विचारून ओळखावयाचे, अशी परीक्षा त्याने त्यात सुचविली. त्याच्या नमुन्याच्या प्रश्नांत एक कवितेविषयी आहे, एक बेरजेचा आहे आणि एक बुद्धिबळाचा आहे. पटावर तीनच मोहरी आहेत, खेळी तुमची आहे, काय खेळाल? पलीकडून पंधरा सेकंदांनी उत्तर येते की हत्तीने मात. यंत्राच्या बुद्धीची कसोटी प्रथम कल्पिली गेली, तेव्हाही तिच्यात पटावरची एक स्थिती होतीच. ट्युरिंगने खेळाचे नियम कागदावर लिहून, स्वतःच यंत्राच्या जागी बसून, १९५२ साली ॲलिक ग्लेनी या सहकाऱ्याशी एक डावही खेळून पाहिला. कागदी यंत्र एकोणतीस खेळ्यांत हरले.

याच सुमारास अमेरिकेत क्लॉड शॅनन याने या विषयाचा पाया घातला. त्याचा निबंध १९४९ साली वाचला गेला व १९५० साली छापला गेला. त्याचा हिशेब सोपा होता. कोणत्याही स्थितीत सुमारे तीस खेळ्या शक्य असतात. पांढऱ्याची एक व काळ्याची एक मिळून सुमारे हजार प्रकार होतात. आणि डाव चाळीस खेळ्यांचा धरला, तर प्रकारांची संख्या एकावर एकशेवीस शून्ये एवढी होते. इतके प्रकार कोणत्याही यंत्राला कधीही तपासता येणार नाहीत. तेव्हा मार्ग दोनच उरतात. एक म्हणजे काही खेळ्यांपर्यंत सर्व फाटे तपासावेत व तेथे थांबून स्थितीचे मोल ठरवावे. दुसरा म्हणजे माणसाप्रमाणे निवडक फाटेच पाहावेत, पण खोलवर पाहावेत. पहिला मार्ग अंगमेहनतीचा, दुसरा समजुतीचा. पुढची पन्नास वर्षे या दोन मार्गांतच वाद चालला.

परंतु माणूस खरोखर कसा पाहतो, हे तरी कोणाला ठाऊक होते? याचा शोध हॉलंडचा मानसशास्त्रज्ञ आद्रिआन द ख्रोट याने घेतला होता. तो स्वतः आपल्या देशातर्फे खेळलेला खेळाडू होता. त्याने एक मध्यडावातील अवघड स्थिती पटावर मांडली, मोठमोठ्या खेळाडूंना पुढे बसविले आणि विचार मोठ्याने बोलून दाखवावयास सांगितले. त्यांत अलेखिन, ओयवे, केरेस यांसारखे जगद्विख्यात खेळाडू होते आणि साधे खेळाडूही होते. १९४६ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष पुष्कळांना अनपेक्षित होता. आपली समजूत अशी असते की थोर खेळाडू दहादहा खेळ्या पुढचे पाहतो. द ख्रोटला आढळले ते असे की, थोर खेळाडू साध्या खेळाडूपेक्षा फार पुढचे किंवा फार अधिक पाहतो असे नाही. तो योग्य जागी पाहतो. ज्या खेळीकडे साध्या खेळाडूचे लक्षच जात नाही, ती त्याला पटाकडे नजर टाकताच सुचते. काही क्षण दाखवून झाकून टाकलेली स्थिती तो जवळजवळ जशीच्या तशी पुन्हा मांडतो. मात्र पुढे १९७३ साली चेस आणि सायमन या संशोधकांनी दाखवून दिले की, मोहरी कशीही विखरून ठेवली, तर थोर खेळाडूचा हा वरचढपणा जवळजवळ नाहीसा होतो. त्याला मोहरी आठवत नसतात, अर्थ आठवत असतो. शेतकऱ्याला आभाळ पाहून पावसाचा अंदाज येतो, वैद्याला चेहरा पाहून दुखणे कळते, त्यातलाच हा प्रकार.

यंत्राला ही दृष्टी द्यावी यासाठी पुष्कळांनी आयुष्य वेचले. त्यांत सोव्हिएत रशियाचा माजी जगज्जेता मिखाईल बोत्विनिक हा प्रमुख. तो व्यवसायाने विद्युत् अभियंता होता. माणसाच्या रीतीने निवडून विचार करणारी 'पायोनियर' नावाची आज्ञावली तयार करण्यासाठी तो अनेक वर्षे खपला. तिने एखाददुसरी अवघड रचना सोडविल्याचे प्रसिद्ध झाले. पण सबंध डाव खेळण्याच्या पायरीला ती कधी पोहोचली नाही. दरम्यान अंगमेहनतीच्या मार्गाने जाणारी यंत्रे वर्षागणिक वेगवान होत चालली.

त्यांच्या खेळात एक मजेदार दोष होता. समजा, यंत्र सहा खेळ्या पुढचे पाहते आणि सहाव्या खेळीला आपला वजीर जातो असे त्याला दिसते. मग ते मध्येच एक प्यादे देते, त्यामुळे दोन खेळ्या वाढतात आणि वजिराचे मरण आठव्या खेळीवर जाते. आठवी खेळी यंत्राला दिसत नाही, म्हणून त्याच्या मते वजीर वाचला! मग पुन्हा दुसरे प्यादे. सावकाराला आजचा तगादा चुकविण्यासाठी उद्याचे बियाणे देऊन बसणारा माणूस आपण पाहिला आहे; त्याचीच ही गत. हान्स बर्लिनर या अमेरिकन संशोधकाने, जो पत्राने खेळावयाच्या बुद्धिबळातला जगज्जेता होता, या दोषाला क्षितिजाचे नाव दिले. क्षितिजापलीकडचे संकट यंत्राच्या लेखी नसतेच.

असे दोष नेमके कोठे आहेत हे कळावे, म्हणून पद्धतशीर परीक्षेची गरज वाटू लागली. १९८२ साली स्लोव्हेनियाचा इव्हान ब्रात्को आणि अमेरिकेचा डॅनी कोपेक यांनी एक प्रश्नपत्रिका प्रसिद्ध केली. तीत चोवीस स्थिती होत्या. प्रत्येक स्थितीला दोन मिनिटे. परीक्षार्थीने पसंतीच्या क्रमाने चार खेळ्यांपर्यंत लिहाव्यात. बरोबर खेळी पहिली लिहिली तर पूर्ण गुण, दुसरी लिहिली तर अर्धा, तिसरीला एक तृतीयांश, चौथीला पाव. परीक्षा माणसांसाठी आणि यंत्रांसाठी एकच. यातील निम्म्या स्थिती घावाच्या होत्या, म्हणजे जेथे काही खेळ्यांत मात होते किंवा मोहरे मिळते. उरलेल्या निम्म्यांत ताबडतोब काहीच मिळत नव्हते. तेथे योग्य प्यादे पुढे सारून प्रतिपक्षाच्या प्याद्यांच्या भिंतीला टेकण लावावयाचे होते. त्याचे फळ पंधरावीस खेळ्यांनी दिसावयाचे.

निकाल बोलका होता. घावाच्या स्थितींत यंत्रांनी चांगले गुण मिळविले. प्याद्यांच्या स्थितींत ती मागे पडली. चांगल्या खेळाडूंचे मात्र दोन्ही भागांत जमले. जेथे हिशेब संपतो आणि समजूत सुरू होते, तेथे यंत्र अडते, असा याचा अर्थ लावण्यात आला, आणि त्या काळापुरता तो बरोबर होता.

परंतु प्रश्नपत्रिका छापून प्रसिद्ध झाली की पुढे काय होते, हे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना आम्ही सांगावयास नको. 'अपेक्षित' प्रश्नसंच बाजारात येतात! यंत्रांचेही तेच झाले. फ्रेड राइनफेल्डच्या एका लोकप्रिय पुस्तकातील तीनशे स्थिती, ब्रात्को-कोपेक यांच्या चोवीस, आणि अशाच आणखी किती तरी मालिका आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या टेबलावर आल्या. आपले यंत्र त्या स्थिती किती सेकंदांत सोडविते, याची चढाओढ लागली. मग असे दिसू लागले की, एखादे यंत्र प्रश्नसंचात पहिले येते आणि प्रत्यक्ष डावांत हरते. धाडसी बळी देण्याची स्थिती त्याला लवकर सुटे, कारण त्याला बळी देण्याची खोडच लावलेली असे. पण डावात जेथे बळी देऊ नये तेथेही ते बळी देई. परीक्षेतला हुशार आणि व्यवहारातला शहाणा यांतला फरक यंत्रांच्या राज्यातही निघाला.

आता आपण १९९७ सालाकडे येऊ.

गॅरी कास्पारोव्ह हा १९८५ पासून जगज्जेता होता. 'डीप ब्लू' हे यंत्र आयबीएम कंपनीच्या फेंग-श्युंग शू, मरे कॅम्पबेल आणि जो होन या तिघांनी प्रामुख्याने तयार केले होते. १९९६ साली फिलाडेल्फियात दोघांची पहिली गाठ पडली. पहिला डाव यंत्राने जिंकला, तरी सामना कास्पारोव्हने चार विरुद्ध दोन असा जिंकला. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला परतीचा सामना ठरला, तेव्हा यंत्र सेकंदाला वीस कोटींच्या घरात स्थिती तपासू लागले होते. ३ मे रोजी पहिला डाव कास्पारोव्हने जिंकला. त्या डावाच्या अखेरीस, हरत असताना, यंत्राने आपला हत्ती अशा जागी नेला की त्याचा हेतू कोणाला उमगेना. यंत्राला फार पुढचे काही दिसले असावे, असा तर्क कास्पारोव्हच्या गोटात झाला. पुढे पंधरा वर्षांनी कॅम्पबेलच्या तोंडून खुलासा प्रसिद्ध झाला. आज्ञावलीत एक दोष होता, यंत्र गोंधळले होते आणि त्याने वाटेल ती खेळी केली होती!

४ मे रोजी दुसरा डाव झाला. यंत्राकडे पांढरी मोहरी होती. पस्तीस खेळ्या झाल्या तेव्हा दोन्ही बाजूंची शक्ती समान होती. प्रत्येकाकडे वजीर, दोन हत्ती, एक उंट आणि सात प्यादी. पण पांढऱ्याच्या ताब्यात जागा अधिक होती व काळा दबलेला होता. या स्थितीत पांढऱ्यापुढे दोन वाटा होत्या. पहिली म्हणजे वजीर काळ्याच्या गोटात घुसवून प्यादी खावी. प्यादी मिळण्यासारखी होती. परंतु तेवढ्यात काळा आपले मधले प्यादे पुढे ढकलून, वाट मोकळी करून, प्रतिहल्ला करणार होता. दुसरी म्हणजे लोभ सोडावा, कडेच्या प्याद्यांची मारामारी उरकावी आणि उंट पटाच्या मधोमध, त्या काळ्या प्याद्याच्या नाकासमोर आणून बसवावा. मग काळ्याला हालचालच उरत नाही.

यंत्र म्हणजे लोभी, समोर प्यादे दिसले की ते घेणारच, असा त्या काळापर्यंतचा अनुभव होता. ब्रात्को आणि कोपेक यांच्या परीक्षेनेही तेच सांगितले होते. कास्पारोव्हने जाणूनबुजून ही प्यादी पुढे ठेवली होती. यंत्राने या खेळीवर नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त वेळ घेतला, आणि प्यादी न घेता दुसरी वाट धरली. सदतिसाव्या खेळीला उंट मधल्या घरात येऊन बसला. ही खेळी एखाद्या मुरलेल्या उस्तादाला शोभणारी होती.

येथे कास्पारोव्हने मनातल्या मनात परीक्षकाची जागा घेतली. त्याने यंत्रापुढे एक बिकट स्थिती ठेवली होती, आणि यंत्राने असे उत्तर दिले होते की जे त्याच्या मते यंत्र देऊच शकत नव्हते. यावरून त्याने दोन तर्क केले. एक, मागे कोणी तरी माणूस असावा. दोनशे सत्तावीस वर्षांपूर्वीच्या त्या तुर्काची सावली येथे पुन्हा पटावर पडली. आणि दुसरा, पहिल्याशी विसंगत पण मनाला तितकाच ग्रासणारा तर्क म्हणजे, जे यंत्र एवढे पाहते ते सर्वच पाहत असले पाहिजे. तिसरी शक्यता, म्हणजे यंत्र काही ठिकाणी उत्तम व काही ठिकाणी सामान्य असू शकते ही, त्या घटकेला त्याच्या मनात टिकली नाही.

डाव पुढे चालला. पांढऱ्याचा वजीर आणि हत्ती काळ्याच्या गोटात शिरले. पंचेचाळिसाव्या खेळीला यंत्राने हत्ती काळ्या वजिरावर आणला, आणि कास्पारोव्हने डाव सोडला.

दुसऱ्या दिवशी रस्त्याने जात असताना त्याच्या साहाय्यकाने त्याला एक बातमी सांगितली. आदल्या रात्री जगभरच्या हौशी लोकांनी घरच्या साध्या संगणकांच्या मदतीने ती अखेरची स्थिती उलगडून पाहिली होती. काळ्याने आपला उंट मरू देऊन वजीर पांढऱ्याच्या राजाजवळ उतरविला असता, तर शहामागून शह देण्याचा धाक निर्माण होऊन डाव बरोबरीत सोडविण्याची वाट होती! यंत्राने शेवटच्या दोन खेळ्यांत ढिलाई केली होती. ज्याला सर्व दिसते असे मानून कास्पारोव्हने शस्त्र खाली ठेवले, त्याला हे दिसलेच नव्हते. आणि ते दिसले नसेल, या शंकेने पट पुन्हा एकदा पाहावा, हे जगज्जेत्याला सुचले नाही. स्पर्धेतल्या डावात हाती बरोबरी असताना आपण हार पत्करली, ही गोष्ट त्याच्या फार जिव्हारी लागली.

पुढचे तीन डाव बरोबरीत सुटले. ११ मे रोजी सहाव्या डावात तो एकोणीस खेळ्यांतच हरला, आणि सामना साडेतीन विरुद्ध अडीच असा यंत्राने जिंकला. कास्पारोव्हने यंत्राच्या कामाची टिपणे मागितली. ती मागाहून प्रसिद्ध झाली. त्या टिपणांवरून दिसते ते असे की, प्यादी खाण्याची खेळी यंत्राच्या विचारात बराच वेळ होती. परंतु आणखी खोल तपास होताच तिचे मोल घसरले आणि त्याने ती टाकली. आत माणूस नव्हता. अंगमेहनतच इतकी वाढली होती की ती पटावर समजुतीसारखी दिसू लागली होती. यंत्र पुढे मोडण्यात आले आणि त्याचे भाग संग्रहालयांत गेले. वीस वर्षांनी, २०१७ साली, कास्पारोव्हने या सामन्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याने नव्या यंत्रांच्या साहाय्याने सर्व डाव पुन्हा तपासले होते. यंत्र घडविणाऱ्यांविषयीचा आपला आदर वाढला आणि स्वतःच्या व त्या यंत्राच्याही खेळाविषयीचे आपले मत उतरले, अशी मोकळी कबुली त्याने दिली. संशयाचे ओझे वीस वर्षे वाहून मग ते चारचौघांत उतरवून ठेवणे, यालाही मनाचा मोठेपणा लागतो.

यानंतरची कथा थोडक्यात सांगतो. २०१७ च्या डिसेंबरात 'अल्फाझीरो' या यंत्राचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्याला खेळाचे नियम तेवढे शिकविले होते. बाकीचे ते स्वतःशीच खेळून शिकले. त्या वेळच्या बलाढ्य 'स्टॉकफिश'शी शंभर डावांत त्याने अठ्ठावीस जिंकले, बहात्तर बरोबरीत सोडविले, एकही हरला नाही. स्टॉकफिश सेकंदाला सात कोटी स्थिती पाही, तर हे ऐंशी हजार. थोडे पाहून योग्य जागी पाहणे हा द ख्रोटच्या थोर खेळाडूचा गुण यंत्रात उतरला, पण तो कोणी शिकवून नव्हे. पुढे २०२० मध्ये स्टॉकफिशनेही स्थितीचे मोल ठरविण्याची ही नवी तऱ्हा आपल्या पद्धतीने आपलीशी केली.

मग आता परीक्षा संपली काय? त्याच २०१७ साली इंग्लंडचे गणितज्ञ रॉजर पेनरोज यांच्या संस्थेने एक स्थिती प्रसिद्ध केली. तीत काळ्याकडे एकाच रंगाच्या घरांवरचे तीन उंट आणि पुष्कळ जास्तीची शक्ती होती, पण प्याद्यांच्या कोंडीमुळे त्या शक्तीचा उपयोगच होत नव्हता. माणसाला थोड्या विचाराने दिसते की डाव बरोबरीचा आहे. तेव्हाची यंत्रे मात्र काळा जिंकणार असा आकडा दाखवीत. अशा स्थितीवरून यंत्राला काही कळत नाही असे म्हणावे काय? आमच्या मते, एवढ्यावरून तसे म्हणणे ही कास्पारोव्हचीच चूक उलट्या अंगाने करणे होय. त्याने एका उत्तम उत्तरावरून यंत्राला सर्वज्ञ ठरविले. आपण एका वाईट उत्तरावरून त्याला मूर्ख ठरवू.

ज्यांचा हा धंदाच आहे त्यांनी ही गोष्ट ओळखली आहे. स्टॉकफिश घडविणारी मंडळी २०१३ पासून आपल्या यंत्रातला लहानसा फेरफारही एका स्थितीवर जोखीत नाहीत. जगभरचे स्वयंसेवक आपले संगणक देतात, जुने व नवे रूप एकमेकांशी हजारो डाव खेळते, आणि नवे रूप खरोखर सरस ठरले तरच ते स्वीकारले जाते. बिकट स्थिती मांडण्याची रीत त्यांनी टाकली नाही. पण तिच्याकडून ते मागतात ते निदान, निकाल नव्हे. दोष कोठे आहे हे एका स्थितीने कळते; योग्यता किती हे पुष्कळ डावांनी कळते.

श्रोतेहो, आता हे यंत्र आपल्या प्रत्येकाच्या खिशात आले आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा ते डाव आपण घरी पडद्यावर पाहिले असतील. पटाशेजारी एक पट्टी आणि एक आकडा असतो. कोण वरचढ आहे हे यंत्र क्षणोक्षणी सांगत असते. आकडा घसरला की घरात बसलेला, स्वतःला दोन खेळ्या पुढचे न दिसणारा गृहस्थही "अरे, चुकली!" म्हणून हळहळतो. त्याने पट पाहिलेला नसतो, आकडा पाहिलेला असतो. स्पर्धांच्या दारावर आता खेळाडूंची झडती होते. पूर्वी यंत्रात माणूस लपला असेल अशी भीती होती, आता माणसापाशी यंत्र लपले असेल अशी आहे. तुर्काची गोष्ट पुरी उलटी झाली.

आणि हे केवळ पटापुरते राहिलेले नाही. उद्या कर्ज द्यावे की नाही, आजार कोणता आहे, कोणाला नोकरीस घ्यावे, अशा प्रश्नांवर यंत्राचा सल्ला घेतला जाईल; काही ठिकाणी तो घेतला जातच आहे. त्या वेळी कोणी एक चमकदार उत्तर दाखवून आपल्याला दिपवील, कोणी एक हास्यास्पद चूक दाखवून हसवील. दोघांनाही आपण एवढेच विचारावे की, ही एक स्थिती झाली. बाकीचे डाव कोठे आहेत?

४ मे १९९७ च्या संध्याकाळी कास्पारोव्ह हरला तो यंत्राच्या बळाने जितका, तितकाच त्या बळाविषयीच्या स्वतःच्या कल्पनेने. पटावर वाट होती. सामान्य माणसांनी सामान्य यंत्रे हाती घेऊन ती एका रात्रीत शोधली, कारण त्यांनी प्रतिपक्षाचे नाव बाजूला ठेवून पट पाहिला. पारावरचा तो जाणता गृहस्थ पोराला हेच सांगत असतो. समोर कोण बसला आहे ते पाहून डाव सोडू नकोस. आधी पट पाहा, आणि सोडण्यापूर्वी आणखी एकदा पाहा.